सोडलेली कुस्ती

जुन्या कॅमेऱ्यात एक आरसा असायचा. भिंगातून आलेला उजेड त्या आरशावर पडून वर डोळ्यापर्यंत यायचा, म्हणून फोटो काढणाऱ्याला समोरचं दिसायचं. बटण दाबलं की आरसा खट्कन वर उचलला जायचा, उजेड मागच्या फिल्मवर जायचा आणि तेवढा वेळ फोटोवाल्याच्या डोळ्यापुढं अंधार. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघाला तो क्षण काढणाऱ्यानं पाहिलेलाच नसायचा. लग्नात अक्षता पडताना, कुस्तीत पाठ मातीला लागताना, ऐन वेळी मी आंधळा. वीसेक वर्षं मी असा धंदा केला आणि त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मग आरसा गेला. चिपवर पडणारा उजेडच छोट्या पडद्यावर दिसायला लागला, कॅमेरा हलका झाला, फोटो आणि व्हिडिओ एकाच यंत्रात आले. त्यानंतर चिपही बदलली. आधीची चिप चित्र एकदम उचलत नसे. वरची ओळ आधी, मग तिच्या खालची, असं करत तळाला यायची आणि तेवढ्यात समोरची वस्तू हललेली असायची. हलगीवाल्याची काडी पडद्यावर वाकडी दिसायची ती त्यामुळं. नवी चिप सगळ्या ओळी एका झटक्यात उचलते. तिच्या प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा मोजणारा आहे. उजेडाचा एकेक कण आला की तो मोजून ठेवतो, म्हणून फार थोड्या उजेडातही तिचं काम भागतं. सेकंदाला एक लाख चित्रं. मी पस्तिशीत अक्षरं शिकलो, तीही लग्नाच्या सीडीवर नवरानवरीची नावं घालता यावीत म्हणून. लाखावर किती शून्यं हे मला आजही बोटांवर मोजावं लागतं.

या चिपचा कुस्तीशी संबंध आला तो असा. जिवंत माणसाचा स्नायू कधीच गप्प नसतो. झोपेतसुद्धा तो बारीक थरथरत असतो. जोर लावायचा म्हटलं की आधी ही थरथर वाढते आणि त्यानंतर सेकंदाच्या विसाव्या हिश्शानं हात हलतो. जोर सोडायचा असेल तर थरथर आधी उतरते आणि मग पकड सुटते. आपल्या डोळ्याला यातलं काही दिसत नाही. नव्या कॅमेऱ्याला कातडीवरून सगळं दिसतं. म्हणजे पैलवान जोर लावून हरला की जोर सोडून हरला, हे त्याच्या दंडावर आणि पाठीवर लिहिलेलं असतं, आणि वाचणारं यंत्र आता बाजारात मिळतं.

आमच्या सांगलीकडच्या मैदानांत तेव्हा मोबाईलवरून पैजा लागायला लागल्या होत्या. दोन पैलवानांनी आधीच ठरवून खेळलेल्या कुस्तीला आम्ही नुरा कुस्ती म्हणतो, आणि तशा कुस्त्यांचा बोभाटा झाला होता. म्हणून कुस्ती निरीक्षण मंडळ निघालं. मंडळानं प्रत्येक मोठ्या मैदानाला हा कॅमेरा सक्तीचा केला आणि तो चालवायला परवाने दिले. कुरणवाडीत परवाना मला मिळाला. इलाही मुजावर, वय एकाहत्तर. गावात दुसरा कोणी अर्जच केला नव्हता.

त्या वर्षीच्या जत्रेत शेवटची कुस्ती आमच्या कुबेर मगदूमची होती, ढाळेवाडीच्या उत्तम सरगरबरोबर. कुबेर म्हणजे तवनाप्पा वस्तादांचा पुतण्या आणि त्यांच्याच तालमीत वाढलेला. त्याच्या पहिल्या लंगोटाचा फोटो माझा, पहिल्या फेट्याचाही माझा. मला तो चाचा म्हणतो. वस्ताद आणि मी एका वयाचे, तरी सगळ्या गावाबरोबर मीही त्यांना तात्याच म्हणतो.

कुस्ती निकाली होती. गुण नाहीत, वेळ नाही, पाठ लागेल तो हरला. संध्याकाळचं ऊन आखाड्यावर तिरपं पडलं होतं, हलगी घुमत होती. विसाव्या मिनिटाला कुबेरनं उत्तमला खाली घेतला, वर बसला आणि त्याच्या मानेला कस भरला, म्हणजे हाताच्या कवेत मान आवळून धरली. मैदान उभं राहिलं. आता उलटवणार, असं सगळ्यांना वाटत असताना उत्तमनं खालून कंबर उसळवली, कुबेर हवेत फिरला आणि त्याची पाठ मातीला लागली. पंचांनी उत्तमचा हात वर केला. दोघांनी एकमेकांना मिठी मारली, कुबेरनं उत्तमच्या पाठीवर माती टाकली. गाव गप्प झालं, ढाळेवाडीचे लोक नाचले. असं होतच असतं. मी तिपाई आवरली.

चौथ्या दिवशी दुपारी मंडळाच्या मृणाल देवस्थळी माझ्या स्टुडिओत आल्या. तिशीतली हुशार मुलगी, यंत्रांचं शिक्षण घेतलेली. त्यांनी लॅपटॉप उघडला.

"काका, चित्रीकरण कापलेलं नाही एवढी सही हवी आहे."

"ती मी नेहमीच देतो. निकाल काय?"

त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. "कुबेर मगदूम. सोडलेली कुस्ती."

पडद्यावर कुबेरचा उजवा दंड होता. त्याखाली एक रेघ डोंगरासारखी चढत गेली होती आणि एका ठिकाणी कडा तुटावा तशी खाली आली होती.

"इथं त्यांनी पकड ढिली केली. उत्तमनं उसळी मारायच्या आधी. आणि पाठ टेकायच्या वेळी डोकं टेकून, अंगाची कमान करून, म्हणजे मानेवर पूल करून वाचण्याचा साधा प्रयत्नही नाही. बघा, मानेच्या स्नायूत काहीच नाही."

"दमला असंल पोरगा."

"दमलेल्याची रेघ हळूहळू उतरते, काका. ही ठरवून उतरलेली आहे. यंत्रानं तीनदा तपासलंय."

"पुढं काय?"

"पंधरा दिवसांनी सांगलीत सुनावणी. त्यांनी समाधानकारक खुलासा दिला नाही तर पैलवानांच्या यादीतून नाव कायमचं कमी. खेळाडूंच्या जागेवर पोलिसात निवड झाली आहे ना त्यांची? तीही जाईल बहुतेक."

चित्रीकरण कापलेलं नव्हतंच. मी सही केली. माझी सही मोठ्या अक्षरांत असते, तिला जागा पुरत नाही. मृणालबाईंनी कागद आडवा धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालमीत गेलो. तात्या ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांनी मान फिरवली नाही, उलट नीट वळून बसले.

"आलास? कॅमेरा आणलायस का? पोटात काय हाय ते पण बघून जा. सकाळी पोहे खाल्ल्यात."

"तात्या, मी फक्त चित्र काढतो."

"व्हय की. आन् फाशी देणारा फक्त दोरी वडतो."

कुबेर आत माती उकरत होता. मी त्याच्याजवळ गेलो. त्यानं खोरं ठेवलं, पाया पडला. ते मला जास्त लागलं.

"कुबेर, काय झालं हुतं त्या टायमाला?"

"हरलो, चाचा."

"मशीन म्हणतंय सोडलंस."

"मशीन काय म्हणायचं ते म्हणू दे. पाठ कुणाची लागली? माझी. मग हरलो म्हंजे हरलो."

"कुणी काही दिलं का तुला? मला सांग."

त्यानं खोरं उचललं आणि पुन्हा माती उकरायला लागला. तात्यांनी ओट्यावरूनच सांगितलं, "इलाही, घरला जा. पोरं जोर मारायला येतील आता."

घरी आलो. सही करताना मी कुबेरला ओळखत होतो आणि यंत्रालाही ओळखत होतो. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. मला एवढं माहीत होतं की यंत्राला खोटं बोलायला काही कारण नाही. आणि त्या पोरालाही नव्हतं.

मी चित्रीकरण पुन्हा लावलं. तेव्हा माझीच एक चूक दिसली. सेकंदाला लाख चित्रं घ्यायची तर चौकट अरुंद ठेवावी लागते, नाहीतर माहिती साठवायला यंत्राला दम पुरत नाही. अरुंद असली तरी दोन्ही पैलवान कंबरेपासून वर चौकटीत हवेत, असा मंडळाचा नियम. पण माझी सवय चाळीस वर्षांची. गावच्या मैदानात शूटिंग करणारा आपल्या गावच्या पैलवानाला धरून ठेवतो. कॅसेट त्याच्या घरी बघितली जाते, त्याची आई, त्याची माणसं त्यालाच शोधतात. समोरचा असतो, पण कडेला. कुबेर वर बसला, कस भरला आणि माझा हात आपोआप त्याच्याकडं वळला. चौकटीत अख्खा कुबेर होता. उत्तमची मान कुबेरच्या दंडाआड, आणि तोंड, पाठ, सगळं बाहेर. प्रेमानं मी आपल्या पोराचीच तेवढी साक्ष काढून ठेवली होती, ती त्याच्याविरुद्ध.

उत्तमचं चौकटीत एकच काही उरलं होतं. त्याचा डावा हात. मागं वळून त्यानं कुबेरचं मनगट धरलं होतं. यंत्राला विचारलं होतं कुबेरचं, म्हणून त्यानं या हाताकडं पाहिलंच नव्हतं. मी तो हात मोठा केला आणि यंत्राला त्याची रेघ काढायला लावली.

दोन दिवस लागले. माझा संगणक जुना, आणि मीही. तिसऱ्या दिवशी दुपारी रेघ पुरी झाली. बोटं घट्ट होती, रेघ दाट थरथरत होती. मग एकाएकी ती सपाट झाली. कमी झाली नाही, उतरली नाही. सपाट. पाऊण सेकंद त्या हातात काही नव्हतं. हात सोडणाऱ्याच्या स्नायूतही थोडी थरथर राहते, झोपलेल्याच्याही राहते. एवढी सपाट रेघ मी फक्त परवान्याच्या शिकवणीत पाहिली होती, भूल दिलेल्या हाताची. मानेत नस दाबली गेली की खांद्यापासून खाली हात असा विझतो.

मग मी दोन्ही रेघा एकाखाली एक ठेवल्या. उत्तमचा हात विझला, आणि त्यानंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्शानं कुबेरच्या दंडानं सोडायला सुरुवात केली. अंगाला एखादी गोष्ट कळून अंगानं तिला उत्तर द्यायला माणसाला एवढाच वेळ लागतो. विचार करायला याहून जास्त लागतो. कुबेरनं विचार केला नव्हता. मनगटावरची पकड मेली, ते त्याच्या कातडीला कळलं आणि त्यानं मान सोडली. उत्तमच्या कमरेला यातलं काही माहीत नव्हतं, ती उसळली. कुबेरनं पूल केला असता तर उत्तम त्याच्यावरून पुढं डोक्यावर गेला असता आणि सगळा भार पुन्हा त्याच्याच मानेवर आला असता. म्हणून कुबेर सरळ पाठीवर पडला.

संध्याकाळी मी कुबेरला नदीच्या वाटेवर गाठला. म्हशी धुवून परत येत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, म्हशीच्या पाठीवरचं पाणी हातानं निपटत राहिला.

"आणि कुणाला दावलं?"

"कुणाला न्हाई."

"मग मिटवून टाका, चाचा."

"कशापायी? तुझं नाव जातंय. नोकरी जातिया."

"तालमीत पयल्या वर्षी तात्या डोळं बांधून खेळवतात. खालच्याचं अंग हाताला कळलं पायजे म्हणून. मान गेली असं वाटलं की सोडायचं, पाठ लागली तरी चालंल. आन् सोडलं ते कुणाला सांगायचं न्हाई. घरात न्हाई, वस्तादाला पण न्हाई."

"सांगितलं तर काय हुतंय?"

"मग ते सोडणं ऱ्हात न्हाई. भीक हुती. उत्तम भीक घिऊन जिंकला, असं गावोगाव बोलतील. त्यानं काय वाईट केलंय माझं?"

"आणि त्याची मान? पुढच्या महिन्यात पुण्याला मोठी कुस्ती हाय त्याची. तिथं वर बसणाऱ्याला तुझ्या तात्यानं शिकवलेलं नसंल."

म्हैस पुढं गेली होती, तिला त्यानं हाक मारली. मग म्हणाला, "तुम्हाला दिसलं म्हणून तुम्हाला पेच पडलाय. न दिसतं तर बरं झालं असतं, न्हवं?"

मी म्हशीच्या मागं दोन पावलं चाललो आणि परत फिरलो.

ढाळेवाडीला मी एसटीनं गेलो. मंडळाकडं आधी जायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. ज्याची मान त्याला आधी कळू दे. उत्तम घराबाहेर लोखंडी खाटेवर बसला होता. धिप्पाड माणूस, अठ्ठाविशीचा. त्याची बायको त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. मला बघून दोघंही ओशाळले.

"लाड हायत," तो म्हणाला. "या. कुरणवाडीचं फोटोवालं ना तुम्ही? जिंकल्याचा फोटो आणलाय का?"

"एक आणलाय," मी म्हणालो.

बायको चहाला आत गेली. मी टॅबलेटवर त्याचा हात दाखवला. रेघ दाखवली. कुबेरची रेघ दाखवली. मला शिक्षकासारखं समजावता येत नाही. बोटानं दाखवत गेलो, हे आधी, हे मग. त्यालाही फार समजवावं लागलं नाही. तो आपल्या डाव्या हाताकडं बघत होता, पडद्याकडं नाही.

"मला वाटलं त्याचा दमसास सरला," तो म्हणाला. "हात न्हवता मला. खरं सांगतो, जरा वेळ हातच न्हवता. मग आला. आलेला बघून मी इसरलो."

"आता कसा हाय?"

"बटणं लागत न्हाईत."

"घरात ठाऊक हाय?"

"तिला वाटतंय मी लाड करून घेतोय." तो थोडा हसला. "कुबेर काय म्हणला?"

"हरलो म्हणला."

"आन् तुम्ही मला हे दावाय का आला?"

"त्याचं नाव जातंय. तुझी मान जाईल. मी काय करावं ते मला कळंना."

"म्हणून माझ्या गळ्यात घातलं." हे त्यानं रागानं म्हटलं नाही. "मी खेळलोच न्हाई पुण्याला, तर लोक इचारतील. खेळलो, तर..." चहा आला तसा तो थांबला. त्यानं उजव्या हातानं कप घेतला. मी निघालो तेव्हा तो म्हणाला, "सुनावणी कवा हाय म्हणला?"

सुनावणी सांगलीत मंडळाच्या खोलीत झाली. टेबलामागं तिघं जण, बाजूला मृणालबाई. भिंतीला टेकून तात्या, मी, आणि मधे खुर्चीवर कुबेर. त्याला ती खुर्ची पुरत नव्हती. मी पिशवीत दोन्ही रेघा छापून आणल्या होत्या. उत्तमकडून निरोप नव्हता. तो आला नाही तर कागद टेबलावर ठेवायचे की नाही, हे मी सांगलीच्या स्टँडवर उतरेपर्यंत ठरवलं नव्हतं आणि उतरल्यावरही नाही.

"नियमात प्रश्न एकच आहे," अध्यक्ष म्हणाले. "कुस्ती सोडली, होय किंवा नाही. तुम्ही पकड सोडलीत?"

"मी हरलो, साहेब."

"ते आम्हाला माहीत आहे. सोडलीत का?"

"हरलो."

"कारण असेल तर सांगा. कारणाला रकाना नाही, पण मी बाजूला लिहून घेईन," मृणालबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता. कुबेरनं मान हलवली.

माझा हात पिशवीत गेला. तेवढ्यात दार उघडलं आणि उत्तम आत आला. गळ्याला पांढरा पट्टा होता. बरोबर बायको होती, तिच्या हातात दवाखान्याचं मोठं पाकीट.

कुबेर उभा राहिला. "तू का आलास?"

"बस की मर्दा. तुझी कुस्ती न्हाई ही, माझी हाय." उत्तमनं पाकीट टेबलावर ठेवलं. "माझी नस दबल्या. डाक्टर म्हणला, अजून एक कुस्ती झाली असती तर चारी हातपाय गेलं असतं. कुरणवाडीला माझा हात गेला हुता. ह्याला ते कळलं आन् ह्यानं सोडलं. लिवा. पायजे तर सोडली म्हणून लिवा, पण कशापायी ते पण लिवा."

"हे तुम्हाला कसं कळलं?" अध्यक्षांनी विचारलं.

उत्तमनं माझ्याकडं हात केला. मी पिशवीतून कागद काढले. कुबेर माझ्याकडं बघत होता. तात्या खिडकीतून बाहेर बघत होते.

तासाभरात निकाल झाला. कुबेरचं नाव राहिलं, त्याच्या नावापुढची सोडलेल्या कुस्तीची खूण काढली. मानेमुळं उत्तमचा कुस्ती खेळायचा परवाना त्याच टेबलावर रद्द झाला. आधीच्या निकालाचं काय, असं एकानं विचारलं. अध्यक्ष म्हणाले, पाठ कुबेरची लागली, कुस्ती उत्तमची. ते बरं केलं त्यांनी. पण सोमवारच्या पेपरात सगळं आलं आणि आठवडाभर गावोगावच्या चहाच्या टपरीवर उत्तमचं मैदान कुबेरनं दान दिलेलं झालं.

बाहेर पायऱ्यांवर कुबेर मला म्हणाला, "चाचा, मी बोललो न्हवतो."

"मी बोललो."

"व्हय. तुम्ही बोललासा." आणि तो उत्तमचं पाकीट आपल्या हातात घेऊन त्याच्याबरोबर रिक्षाकडं गेला. दोघंही वळले नाहीत.

त्यानंतर वर्षभर कुबेर माझ्याशी बोलला नाही. दिसला की पाया पडायचा, ते चुकवलं नाही. पोलिसातली नोकरी त्याला लागली आणि सुट्टीच्या दिवशी तो तालमीत पोरांना शिकवायला लागला. तात्या बोलायचे. त्यांना बोलल्याशिवाय करमत नाही.

मंडळानं माझ्या दोन रेघा घेतल्या आणि त्यांवरून यंत्राला नवं शिकवलं. आता मैदानात दोन्ही पैलवानांवर वेगळे कॅमेरे असतात. खालच्याचा हात विझला की सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात भोंगा वाजतो, पंच दोघांना सोडवतात, कुस्ती बरोबरीत. पहिल्या हंगामात चौदा ठिकाणी भोंगा वाजला. एकाचीही मान गेली नाही. चांगलंच झालं. मी तसं म्हणतो आणि मला तसं वाटतंही. चौदा घरांतली माणसं आपल्या हातानं बटणं लावतात.

यंदाच्या जत्रेत कुबेरचा पहिला पठ्ठ्या उतरला. विनायक खोत, एकोणीस वर्षांचा. नवव्या मिनिटाला तो वर बसला, कस भरला. मैदान उभं राहिलं आणि भोंगा वाजला. विनायकनं लगेच दोन्ही हात वर केले, नियमात सांगितलं आहे तसे. खालचा पोरगा उठून बसला, हात झटकत. पंचांनी दोघांना हस्तांदोलन करायला लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुढची जोडी आत आली.

मी पडद्यावर वाकलो होतो. कोणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. कुबेर होता. अंगावर साधा सदरा, पायाला माती.

"चाचा," तो म्हणाला. वर्षानं. "एक बगून सांगता?"

"सांग."

"भोंगा वाजायच्या आधी त्याचं हात सुटायला लागलं हुतं का?"

मला दोन मिनिटं लागली. दोन्ही पोरांच्या रेघा एकाखाली एक आणल्या. खालच्याचा हात कुठं विझला ते दिसत होतं. भोंगा कुठं वाजला ते दिसत होतं. मधे जागा अगदी थोडी होती, एवढ्यात कुणाचं अंग उत्तर देत नाही. म्हणून मी पुढं पाहिलं. भोंगा कानात जाऊन कळायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. विनायकचं अंग शिकलेलं असतं तर भोंगा कळायच्या आधीच, सेकंदाच्या पाचव्या हिश्शात, त्याचा दंड सुटायला लागला असता. कुबेरचा लागला होता. विनायकची रेघ भोंगा ऐकेपर्यंत चढतीच होती. मी तिकडून बघितलं, इकडून बघितलं.

"न्हाई," मी म्हणालो. "भोंगा ऐकून सोडलं."

"नक्की?"

"नक्की."

कुबेर पडद्याकडं बघत राहिला. आखाड्यापलीकडं विनायक अंग पुसत उभा होता, पोरं त्याच्या पाठीवर थापा मारत होती. त्यानं आपल्या या नव्या वस्तादाकडं पाहून हात केला. कुबेरनंही केला.

"त्याची चूक न्हाई," कुबेर म्हणाला. "भोंगा हाय म्हटल्यावर हात कशाला ऐकंल."

"न्हाई ऐकत."

हलगी पुन्हा सुरू झाली. तो जायला वळला, मग थांबला.

"उद्या सकाळी तालमीत या, चाचा. त्याचं डोळं बांधून खेळवायचं म्हणतोय, लहान पोरांत. तुम्ही बसा नुसतं. कॅमेरा घरी ठेवा."

"येतो," मी म्हणालो.

तो गर्दीत गेला. पंचांनी हात वर केला होता, पुढच्या दोन पैलवानांनी सलामी दिली होती. मी दोन्ही चौकटी नीट लावल्या, एक याच्यावर, एक त्याच्यावर, आणि बटण दाबलं.